डायर कोण, ओडवायर कोण?

दर १३ एप्रिलला, जालियनवाला बाग हत्याकांडाच्या दिवशी, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: उधमसिंगांनी लंडनला जाऊन जनरल डायरला गोळ्या घातल्या. चूक. डायर १९२७ सालीच इंग्लंडमध्ये आजारपणानं गेला होता. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये मारला तो सर मायकल ओडवायर.

गल्लत होणारच म्हणा. नावं कानाला सारखी, दोघांचाही जन्म १८६४चा, आणि १९१९मध्ये दोघंही पंजाबात. पण रेजिनाल्ड डायर लष्करातला, जालंधर ब्रिगेडचा प्रमुख. ओडवायर आयरिश, सनदी नोकर, १९१३पासून पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर.

बागेतला गोळीबार डायरचा. पन्नास बंदुका, दहाएक मिनिटं, १,६५० गोळ्या. मृतांचा सरकारी आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशीत हजारच्या आसपास. सरकारनं चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी डायरला विचारलं, बागेत शिरायचा बोळ रुंद असता आणि चिलखती गाड्या आत गेल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या का? उत्तर आलं, बहुधा हो.

सरपटण्याचा हुकूमही त्याचाच. ज्या गल्लीत मार्सेला शेरवुड या मिशनरी बाईंना जमावानं मारहाण केली होती, तिथून जाणाऱ्या हिंदी माणसानं सरपटत जायचं. आपल्याकडे ‘रांगत’ असं छापतात, पण रांगताना निदान गुडघे टेकता येतात. इथं पोट जमिनीला घासलं पाहिजे. पाठ जरा वर आली की गोऱ्या शिपायाच्या बंदुकीचा दस्ता बसे. आणि ज्यांची घरंच त्या गल्लीत होती, त्यांनी काय करायचं? हा हुकूम मात्र ओडवायरलाही पटला नव्हता, तो त्यानं मागे घ्यायला लावला.

गोळीबार मात्र पटला होता. ‘तुमची कृती योग्य, लेफ्टनंट गव्हर्नरांची संमती आहे’ असा निरोप डायरला गेला. बागेतल्या गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, पंजाबातल्याच गुजरांवाल्यात जमावानं जाळपोळ केली. जवळ फौज नव्हती, म्हणून लाहोरहून विमानं पाठवली गेली. त्यांनी गावावर बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. एक बॉम्ब खालसा हायस्कूलच्या वसतिगृहाच्या आवारात पडला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे गाव मला तरी भेटलं नाही.

जुलै १९२०मध्ये चर्चिल पार्लमेंटात म्हणाले की जालियनवाला ही एकटी, वेगळी पडलेली घटना आहे. गुजरांवाला तिच्यापासून एका दिवसावर होतं! पण सगळं डायरच्या माथी मारलं की ते दिसत नाही. डायरला नोकरी सोडावी लागली. ओडवायरनं मात्र आपल्याला दोष देणाऱ्या सर शंकरन नायर या काँग्रेसच्या माजी अध्यक्षांवर लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि १९२४मध्ये तो जिंकलाही. भरपाई पाचशे पौंड. बारापैकी अकरा ज्युरी त्याच्या बाजूनं.