बदलत्या फाइली व फोल्डर : आवृत्ती-नियंत्रणातील हाताळणी

ज्या फाइलींचा मजकूर, नाव किंवा जागा रोज किंवा तासातासाला बदलते, त्या व्हर्जन कंट्रोल अर्थात आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत (फाइलींच्या प्रत्येक बदलाचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात) कशा ठेवाव्यात आणि कोणत्या मुळीच ठेवू नयेत, यासंबंधीची पद्धती. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात हा प्रश्न प्रोग्रामरांपुरता उरत नाही. रावेर-यावलकडील केळीचे रोजचे भाव, ठिबक संचावरील सेन्सरची वाचने, अहिराणी किंवा लेवा गणबोलीचा वाढता शब्दसंग्रह असे काही जो सांभाळू पाहील, त्याच्यापुढे तो उभा राहतो.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत मार्क रॉचकाइंड यांनी तयार केलेली एससीसीएस ही प्रणाली सामान्यतः १९७२ मधील मानतात. तिच्यावरील निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाल्याने काही ठिकाणी तेच वर्ष दिलेले आढळते. आयबीएमच्या ओएस/३६० या कार्यकारी प्रणालीमधील आयईबीअपडीटीई या उपयोजनेला काही जण आद्य म्हणतात. ओळींच्या क्रमांकानुसार बदल लावणे तिला जमे; मात्र हवी ती जुनी आवृत्ती मागून घेणे हे तिचे काम नव्हते. त्यामुळे अग्रमान एससीसीएसला देणे अधिक युक्त दिसते. एससीसीएसमध्ये सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलीत विणलेल्या असत, म्हणून ताजी काय नि जुनी काय, कोणतीही आवृत्ती काढायला संपूर्ण फाइल वाचावी लागे. वॉल्टर टिची यांच्या आरसीएसने (१९८२) ताजी आवृत्ती अखंड ठेवून मागच्या आवृत्त्या उलट्या फरकांच्या रूपात ठेवल्या. सतत बदलणाऱ्या फाइलीत बहुधा ताजी प्रतच लागते, त्यामुळे ही मांडणी तिला सोयीची ठरली.

या दोन्ही प्रणाली एकेका फाइलीपुरत्या होत्या. फोल्डर ही कल्पनाच त्यांत नव्हती. डिक ग्रून यांच्या सीव्हीएसने (१९८६) अनेक फाइली एकत्र आणल्या, पण नाव बदलले की इतिहास तुटे. फोल्डरचा इतिहास ठेवणे मुक्त प्रणालींत रूढ झाले ते मुख्यतः सबव्हर्जनमुळे (काम २०००पासून, आवृत्ती १.० २००४ मध्ये). गिट (२००५) फोल्डर ओळखते ते आतील फाइलींवरूनच. म्हणून रिकामे फोल्डर त्यात राहत नाही. ते हवेच असेल तर आत ‘.गिटकीप’ नावाची रिकामी फाइल ठेवतात. हा केवळ संकेत आहे, गिटला त्या नावाचा वेगळा अर्थ नाही.

हाताळणीचा पाया एका प्रश्नावर आहे : ही फाइल हाताने लिहिलेली आहे की दुसऱ्या फाइलीपासून तयार होते? तयार होणाऱ्या फाइली (बिल्डचे म्हणजे प्रोग्राम बांधताना होणारे फोल्डर, लॉग म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदी, कॅश म्हणजे तात्पुरता साठा, एक्सेल उघडी असताना निर्माण होणारी ‘~$’ने सुरू होणारी फाइल) ‘.गिटइग्नोअर’ या वगळायच्या फाइलींच्या यादीत नोंदवून बाहेर ठेवाव्यात. फक्त आपल्याच संगणकावरच्या गोष्टींसाठी ‘.गिट/इन्फो/एक्सक्लूड’ आहे. नेहमीची चूक अशी की फाइल आधीच कमिट झालेली (म्हणजे इतिहासात नोंदली गेलेली) असते आणि नियम नंतर लिहिला जातो. असा नियम तिला लागू होत नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड’ने ती नोंदीतून काढावी लागते, आणि इथेच सावध राहावे : सहकाऱ्यांनी पुल केल्यावर (ताजे बदल आपल्याकडे ओढून घेतल्यावर) त्यांच्याकडची ती फाइल डिस्कवरूनही जाते. प्रत आधी बाजूला काढण्यास सांगावे. फाइलीला कोणता नियम लागतो हे ‘गिट चेक-इग्नोअर -व्ही’ ओळीच्या क्रमांकासह सांगते. पासवर्ड कमिट झाला असेल तर दुर्लक्ष-नियमाने तो इतिहासातून जात नाही. प्रथम पासवर्ड बदलावा, इतिहास नंतर साफ करावा.

प्रत्येकाकडे वेगळी असणारी कॉन्फिगरेशन फाइल ‘अझ्यूम-अनचेंज्ड’ किंवा ‘स्किप-वर्कट्री’ या खुणांनी लपवण्याची प्रथा आहे. गिटची अधिकृत कागदपत्रे ती करू नये असे सांगतात, आणि ते योग्य आहे : दुसऱ्याने तीच फाइल बदलली की पुल अडते, आणि कारण ‘गिट स्टेटस’ या बदल दाखवणाऱ्या आज्ञेत दिसत नाही. नमुना फाइल रेपोत (फाइली व त्यांच्या इतिहासाच्या साठ्यात) ठेवून खरी फाइल वगळणे हाच सरळ मार्ग.

रोज वाढणाऱ्या नोंदींचा प्रश्न निराळा. सर्व बाजारांचे भाव एकाच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर-फाइलीत) असतील आणि चोपड्याचा व शिरपूरचा माणूस दोघेही शेवटी ओळ जोडत असतील, तर दर मर्जला, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट अर्थात संघर्ष येतो, कारण दोघांनी एकाच जागी बदल केलेला असतो. ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये ‘मर्ज=युनियन’ लिहिल्यास दोन्ही ओळी राहतात; पण ओळींचा क्रम विस्कटतो, आणि एकच नोंद दोन रूपांत आली तरी इशारा मिळत नाही. प्रत्येक बाजाराची स्वतंत्र फाइल आणि वर्षाचे फोल्डर ही मांडणी अधिक टिकाऊ. फाइल रोज नव्याने सॉर्ट करू नये. एक भाव बदलला तरी शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. फोटो व झिप यांचे फरक काढून जागा वाचत नाही. २० एमबीची झिप ३०० दिवस रोज नव्याने कमिट केली तर इतिहास सुमारे ६ जीबी होतो, आणि क्लोन करणाऱ्याला (रेपोची पूर्ण प्रत घेणाऱ्याला) तो सगळा उतरवावा लागतो. अशा फाइली गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडसाधनात किंवा रेपोबाहेर ठेवाव्यात.

नाव बदलण्याबाबत दोन मते आहेत. सबव्हर्जन बदल नोंदवते; गिट काहीच नोंदवत नाही, दोन फाइलींतील साम्य मोजून, मूळ मर्यादा ५० टक्के धरून, अनुमान करते. नोंद निश्चित असते हे खरे, पण वापरणाऱ्याने आज्ञा वापरली तरच. एक्सप्लोररमधून नाव बदलणाऱ्या कार्यालयांत अनुमानाची पद्धत उजवी ठरते. तिची कमजोरी लहान फाइलींत आहे : सहा ओळींच्या फाइलीचे नाव आणि चार ओळी एकदम बदलल्यास इतिहास तुटलेला दिसतो. नाव एका कमिटमध्ये व मजकूर पुढच्या कमिटमध्ये बदलावा. विंडोजवर केवळ रोमन लिपीतील लहान-मोठे अक्षर बदलायचे तर मधले वेगळे नाव देऊन दोन पायऱ्यांत बदलणे सुरक्षित.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने तो घोटाळा होत नाही; इथला घोटाळा ‘ऱ’चा आहे. ‘पोऱ्या’ हा अहिराणी शब्द तीन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ व नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) देऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट्स मात्र वेगळे. पहिली दोन रूपे युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची समतुल्य रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने) एक होतात. तिसरे होत नाही. परिणामी ‘दऱ्या’ नावाची दोन फोल्डर शेजारी उभी राहतात, किंवा शब्दसंग्रहात काहीही न बदललेली ओळ बदललेली दिसते. कमिटपूर्वी आपोआप चालणाऱ्या हुक या छोट्या प्रोग्राममध्ये एनएफसी करून तिसरे रूप पहिल्यात बदलावे. मॅकवर ‘कोअर.प्रीकम्पोजयुनिकोड’ ही गिटची सेटिंग सुरू ठेवावी. नावांऐवजी आकड्यांची रांग दिसत असेल तर ‘कोअर.कोटपाथ’ बंद करावे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीवर नावाची मर्यादा २५५ बाइट्स असून देवनागरी चिन्हाला ३ बाइट्स लागतात. मात्रा व हलन्तही मोजल्या जात असल्याने ८५ चिन्हे लवकर भरतात.

मर्क्युरिअल या दुसऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत दुर्लक्ष-नियम ‘.एचजीइग्नोअर’मध्ये लिहितात, नाव बदलल्याची नोंद तेथे प्रतीच्या रूपात राहते.

कमिट चालू असताना वीज गेली तर ‘.गिट’ फोल्डरात ‘इंडेक्स.लॉक’ मागे राहते आणि पुढचे प्रत्येक कमिट अडते. दुसरी कोणतीही गिट प्रक्रिया चालू नाही हे पाहून ती फाइल काढावी, मग ‘गिट एफएससीके’ने रेपो तपासावा.