बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची रक्ततपासणी : पालकांसाठी माहिती

आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या लहान मुलांचे रक्त घेणे त्यामानाने सोपे असते. आई मांडीवर घेते, मूल रडते आणि दोन मिनिटांत काम उरकते. अवघड जाते ते नववी-दहावीतल्या मुलांचे, कारण त्यांना भीती तितकीच वाटते, पण ती दाखवायची लाज वाटते. त्यातच ‘सात रस्ता चौकात जरा काम आहे’ एवढेच सांगून आणलेल्या मुलाला खुर्चीवर बसल्यावर खरा प्रकार कळला, तर त्याचा आमच्यावरचा आणि तुमच्यावरचा विश्वास एकदमच उडतो. म्हणून कोणती तपासणी आहे, ती डॉक्टरांनी का सांगितली आणि सुई टोचली जाणार आहे, हे आदल्या संध्याकाळीच स्पष्ट सांगावे. ‘काही दुखत नाही’ असे मात्र म्हणू नये. थोडे दुखते, आणि मुलांना ते ठाऊक असते.

रक्त किती घेणार, हा प्रश्न मुलांपेक्षा आजीच अधिक विचारतात. नेहमीच्या तपासण्यांना ५ ते १० मिली, म्हणजे एक-दोन चमचे रक्त पुरते; ४५ किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात सुमारे ३ लिटर रक्त असते, त्यामुळे तेवढ्याने अशक्तपणा येत नाही. उपाशीपोटी साखर तपासायची असल्यास ८ तास काही खाऊ नये, परंतु साधे पाणी अवश्य प्यावे, कारण एप्रिल-मे महिन्यांतल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीरात पाणी कमी पडले की शीर सापडत नाही आणि दुसऱ्यांदा टोचण्याची वेळ येते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या, म्हणजे एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहण्याची गरज नसते.

काही मुलांना सुई पाहताच चक्कर येते, आणि चांगली उंचीपुरी, क्रिकेट खेळणारी मुलेही त्याला अपवाद नसतात. भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब झटकन उतरतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. यावर एक सोपा उपाय आहे. मांड्या, पोट आणि ज्यातून रक्त घ्यायचे नाही त्या हाताचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सैल सोडायचे, अर्धा मिनिट थांबून पुन्हा आवळायचे, असे पाच वेळा करायचे. हे घरी दोन दिवस करून पाहिले, तर खुर्चीवर ते आपोआप जमते. पूर्वी चक्कर आली असल्यास आधी सांगावे. आम्ही आडवे झोपवूनच रक्त घेतो. सुई टोचण्याची जागा बधिर करणारे मलमही मिळते, परंतु ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे आणि ते साधारण एक तास आधी लावावे लागते.

कोणता हात, सुईकडे पाहायचे की नाही, आई आत हवी की बाहेर, हे आम्ही मुलालाच विचारतो. अशा वेळी पालकांनी मध्येच उत्तर देऊ नये, ही विनंती. एका मुलीने फक्त ‘टोचण्याआधी तीन आकडे मोजा’ एवढेच मागितले होते. तीन म्हणेपर्यंत तिने श्वास रोखला, आणि सुई निघाल्यावर स्वतःच कापूस दाबून धरला. पाळीची तारीख किंवा घेत असलेली औषधे यांसारखी माहिती आम्ही मुलींना बाजूला बोलावूनच विचारतो. रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी मुलाला विचारावे. अक्कलकोटच्या मामांना त्याचे हिमोग्लोबिन कळण्याची निकड क्वचितच असते.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना रक्तातली साखर मोजण्यासाठी रोज बोट टोचावे लागते. हात कोमट पाण्याने धुऊन नीट पुसावेत आणि बोटाच्या टोकाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचावे, म्हणजे कमी दुखते. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेल्यास तीन लहान चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. ही गोष्ट वर्गशिक्षकांनाही माहीत असावी, मात्र ती कशी आणि कोणासमोर सांगायची, हे मुलाला ठरवू द्यावे.

सुईच्या भीतीमुळे मूल आवश्यक उपचारच टाळू लागले, तर डॉक्टरांशी बोलावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्लाही मिळतो. आमच्याकडे येताना ‘मुलाला भीती वाटते’ एवढे फोनवर आधी कळवल्यास सकाळची गर्दी ओसरल्यानंतरची वेळ आम्ही देतो आणि त्या वेळी घाई करत नाही.