एन्ये नावाचं अक्षर आणि कॉम्प्युटर

स्पॅनिश-इंग्लिश भाषांतर आता मोबाईलवर क्षणात होतं, पण मला विचाराल तर यात भाषांतराइतकाच ताप टायपिंगने दिलाय, आणि सगळ्यात जास्त एका अक्षराने. एन्ये, म्हणजे एनच्या डोक्यावर लाटेसारखी रेघ. गंमत बघा, ही रेघ मुळात कामचुकारपणाच आहे, मध्ययुगात पोथ्या उतरवणारे लोक जागा वाचवायला दोन एनऐवजी एकच लिहायचे आणि दुसरा वर बारीकसा टाकायचे, त्यातून लॅटिनमधल्या आन्नुसचं स्पॅनिशमध्ये आन्यो झालं, म्हणजे वर्ष. रेघ गाळली की उरतं आनो, म्हणजे गुदद्वार! आता इंग्लिश कीबोर्डवर स्वतःचं वय टाईप करून बघा.

१९६३ च्या ॲस्की कोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या यादीत, जागाच १२८, त्यात एन्ये नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत आलं, पण अमेरिकन कीबोर्डवर ऑल्ट दाबून १६४ मारायचं, कॅपिटल हवं तर १६५, उलटं प्रश्नचिन्ह १६८, पाढेच पाठ करायचे जणू.

स्पेनमध्ये नियम होता की एन्ये नसलेला कॉम्प्युटर विकायचा नाही. १९९१ मध्ये युरोपियन समुदाय (आजच्या युरोपियन युनियनचा पूर्वज) म्हणाला हा व्यापारात अडथळा आहे, काढा. झालं, लोक खवळले, गार्सिया मार्केझसारखा लेखकसुद्धा अक्षराच्या बाजूने उभा राहिला, आणि शेवटी २३ एप्रिल १९९३ ला सरकारने युरोपियन युनियन घडवणाऱ्या मास्ट्रिख्ट करारातल्या संस्कृतीच्या कलमाचा आधार घेऊन नियम कायम ठेवला (२३ एप्रिल म्हणजे स्पॅनिशचा थोर लेखक सर्व्हान्तेसचा स्मृतिदिन, तारीख झकास जुळली).

मशीनच्या भाषांतराकडे सुरुवातीला स्पॅनिशसाठी फारसं कुणी वळलं नाही, शीतयुद्ध चालू होतं त्यामुळे १९५४ चा गाजलेला प्रयोग रशियनवर झाला, मग १९६६ च्या एका सरकारी अहवालाने अमेरिकेत पैसाच आटला. स्पॅनिशला हात दिला तो वॉशिंग्टनच्या पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने, कारण त्यांना रोज दोन्ही भाषांत कागद लागायचे. त्यांचं स्पॅनॅम नावाचं सॉफ्टवेअर १९८० पासून स्पॅनिशचं इंग्लिश करायला लागलं, उलट दिशेचं एंगस्पॅन १९८५ ला आलं, आणि मशीनचं काम माणूस तपासायचा, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुढे इंटरनेटवर १९९७ मध्ये बेबेलफिश ही भाषांतराची साईट, २००६ मध्ये गूगलचं भाषांतर, आणि २०१६ पासून तेच न्यूरल, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारं.

पण टायपिंगची चूक तिथेही आडवी येतेच. पापा लिहून शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिली तर बाबा, विसरलात तर बटाटा. शिवाय स्पॅनिश माणूस कर्ता गाळतो, आपणही गाळतो म्हणा, पण आपल्या आला-आलीवरून तरी कळतं, त्यांच्या येगोवरून (म्हणजे आला किंवा आली) तो की ती काहीच कळत नाही, मग मशीन आपलं ठोकून देतं.

आणि हो, स्पेनच्या डॉट ईएस वेबसाईट-पत्त्यांमध्ये एन्ये चालायला २००७ उजाडलं.