हौशी रॅलीक्रॉस : चालकाचे कौशल्य आणि गाडीचे सेटिंग

रॅलीक्रॉस हा मातीवर, किंवा थोडी माती आणि थोडे डांबर अशा आखीव ट्रॅकवर होणारा छोट्या पल्ल्याच्या मोटारशर्यतीचा प्रकार आहे. त्याचा जन्म इंग्लंडमधला. ४ फेब्रुवारी १९६७ रोजी केंट परगण्यातील लिडन हिल येथे, दूरचित्रवाणीवर दाखवता यावी म्हणून पहिली शर्यत भरवली गेली आणि ती व्हिक एलफर्ड यांनी पोर्शे ९११ घेऊन जिंकली. रॅलीतल्या गाड्या जंगलातून जातात आणि कॅमेऱ्याला क्षणभरच दिसतात. इथे सगळा खेळ एका मैदानात मावतो. २०१४ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या हंगामांतील वरच्या वर्गाच्या गाड्या सुमारे ६०० अश्वशक्तीच्या होत्या. प्रस्तुत नोंद मात्र सुट्टीच्या दिवशी स्वतःची साधी गाडी घेऊन मैदान गाठणाऱ्या हौशी चालकाविषयी आहे.

हौशी खेळाची दोन रूपे ठळक आहेत. फिनलंडमधील ‘योकामिएहेनलुओक्का’ (अर्थ : सर्वसामान्यांचा वर्ग) आणि स्वीडनमधील ‘फोल्करेस’ यांत गाड्या एकमेकींच्या शेजारून धावतात. शर्यत संपली की प्रत्येक गाडी ठरलेल्या, अगदी कमी किमतीला विक्रीसाठी खुली करावी लागते आणि विकायला नकार देता येत नाही. जी गाडी संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात जाऊ शकते तिच्यावर कोण पैसे ओतेल? खेळ स्वस्त ठेवण्याची इतकी नेमकी युक्ती मोटारशर्यतीत क्वचितच सापडते. नॉर्वेतील ‘बिलक्रॉस’ हा याच कुळातला प्रकार. पुढे २००३ साली जागतिक रॅली आणि २०१४ व २०१५ साली जागतिक रॅलीक्रॉस जिंकणारे पेटर सोलबर्ग याच वातावरणातून वर आले.

दुसरे रूप अमेरिकेतले. तिथे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ही संस्था शेतात किंवा जत्रेच्या मैदानात प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून कोर्स आखते. गाडी एकटीच घड्याळाविरुद्ध धावते आणि बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. मूळ स्थितीतली, थोडे बदल केलेली आणि भरपूर बदल केलेली असे तीन मुख्य गट असतात. प्रत्येक गटात पुढच्या, मागच्या आणि चारही चाकांना ओढ (इंजिनची ताकद) असणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजतात. सुबारू इम्प्रेझा, माझदा मियाटा, जुन्या बीएमडब्ल्यू ३ मालिकेच्या गाड्या तिथे नेहमी दिसतात. भारतात मातीच्या मैदानावर होणारा ऑटोक्रॉस याच्या अगदी जवळचा आहे. नाशिक-पुण्याकडच्या ज्या मंडळींनी तो केला आहे, त्यांना पुढचे बरेचसे ओळखीचे वाटेल.

अमेरिकी रूपातला एक नियम सगळ्यांवर भारी आहे. डांबरावरच्या ऑटोक्रॉसमध्ये दिवसभरातील सर्वांत वेगवान एक फेरी धरतात. रॅलीक्रॉसमध्ये सगळ्या फेऱ्यांची बेरीज धरतात. कोन पाडला तर २ सेकंद दंड, फाटक (ज्यांच्यामधून जायचे ती कोनांची जोडी) चुकले तर १० सेकंद. समजा, एकाने पाच फेऱ्या ६२ सेकंदांच्या स्वच्छ मारल्या, तर त्याची बेरीज ३१०. दुसऱ्याने ६१, ६१, ६०, ६१, ६० अशा मारल्या, पण चार कोन पाडले. ३०३ अधिक ८, म्हणजे ३११. प्रत्येक फेरीत जास्त वेगवान असलेला चालक हरला. त्यामुळे सुधारणेची पहिली पायरी म्हणजे दर फेरी सारखी मारता येणे. नवख्याने ‘आज एकही कोन पडणार नाही’ एवढेच ठरवून यावे. त्याचा क्रमांक तेवढ्यानेच वर सरकतो.

कौशल्यात सर्वांत आधी येते नजर. जिथे बघतो तिथे गाडी जाते, हे दुचाकी शिकवणाराही सांगतो. कोनाकडे बघत राहिलो की कोन पडतो. नजर पुढच्या फाटकावर, जमल्यास त्याच्याही पुढच्या फाटकावर हवी. म्हणून सुरुवातीला पायी चालून कोर्स पाठ करतात. दोनतीनदा चालून झाल्यावर डोळे मिटून तो मनात धावता आला पाहिजे.

त्यानंतर वजन. ब्रेक दाबला की वजन पुढे येते, पुढची चाके जमीन धरतात आणि मागची हलकी होतात. ॲक्सिलरेटर दिला की उलटे. मातीवर पकड मुळात कमी असल्याने हा फरक डांबरापेक्षा कितीतरी ठळक जाणवतो. वळणात नाक आत येत नसेल तर नवखा स्टीअरिंग आणखी पिळतो, आणि चाके नांगरासारखी माती ढकलत सरळ जातात. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, स्टीअरिंग थोडे सैल करावे आणि चाकांना पुन्हा पकड घेऊ द्यावी. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण हात घाबरून उलटेच करतात. यावर सरावाशिवाय उपाय नाही.

वळणाचा मुख्य हिशेब असा : वेग सरळ रेषेतच कमी करायचा, गाडी वळणाच्या तोंडाशी लवकर फिरवून घ्यायची आणि बाहेर पडताना चाके जितकी सरळ ठेवता येतील तितकी ठेवायची. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत डाव्या पायाने ब्रेक मारण्याची रीत इथे फार उपयोगी पडते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवून डाव्याने हलका ब्रेक लावला की इंजिनची ओढ पुढची चाके फिरती ठेवते आणि मागचा भाग बाहेर सुटतो. स्वीडनचे रॅलीचालक एरिक कार्लसन यांनी साब ९६ या गाडीच्या छोट्या इंजिनचा जोर टिकवण्यासाठी ही रीत गाजवली आणि १९६२ व १९६३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. क्लचची सवय झालेला डावा पाय ब्रेकवर पहिल्यांदा ठेवला की गाडी गचकन थांबते, म्हणून हा सराव मोकळ्या मैदानात कमी वेगाने करावा. अगदी आवळ वळणाला हँडब्रेक कामी येतो. त्याचे बटण दाबून धरूनच तो ओढायचा, क्लच दाबायचा आणि मागचा भाग फिरताच सोडायचा. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीची परीक्षा उजव्या पायाच्या संयमात असते. धुळीचा पिसारा फुलवणारी फेरी प्रेक्षकांना आवडते, पण फिरत राहणारे चाक गाडीला पुढे नेत नाही.

आता सेटिंग. पैसे खर्च करायचे असतील तर पहिले टायरवर करावेत, याबद्दल अनुभवी मंडळींत फारसा वाद नाही. रस्त्याचा गुळगुळीत, रुंद टायर मातीवर तरंगतो. अरुंद आणि खोल नक्षीचा टायर वरचा फुफाटा कापून खालच्या टणक थराला भिडतो. अमेरिकेत आणि युरोपात बर्फासाठीचे टायर सहज मिळतात आणि नियमात बसत असतील तर हौशी चालक तेच वापरतात. हवा फार कमी केली तर आडव्या घसरण्यात टायर रिमवरून निघतो. तेव्हा हवा थोडी थोडी बदलून, प्रत्येक वेळी मोजून आणि लिहून ठेवावी.

सस्पेन्शनबाबत डांबराची अक्कल इथे घात करते. गाडी बुटकी आणि कडक केली की खड्ड्यात चाक जमिनीवरून उचलते, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. मऊ स्प्रिंग, चाकाला वर-खाली हलायला भरपूर वाव आणि उसळी वेळेत आवरणारे चांगले शॉकअब्सॉर्बर ही मातीची गरज. पुढचा अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे झुकणे आवरणारी दांडी) काढून टाकला की पुढची दोन चाके आपापल्या परीने जमिनीमागे जातात. पुढची ओढ असलेल्या गाडीत मागचा बार कडक ठेवला तर गाडी सहज फिरते. मागच्या चाकांना किंचित बाहेरचा तोंडवळा (टो-आउट, म्हणजे चाकांची पुढची कड बाहेर वळलेली) दिला तरी हाच परिणाम साधतो, पण तीच गाडी रोज महामार्गावर न्यायची असेल तर हा बदल अंगावर येतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची जुळणी) सगळी ताकद हलक्या झालेल्या चाकातून वाया जाते, म्हणून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल हा टायरनंतरचा मोठा लाभ. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, प्रश्न वेगळा आहे. सुट्या मुरमावर जाम झालेल्या चाकापुढे मातीची पाचर साचते आणि गाडी अडते. एबीएसमुळे ही पाचर साचत नाही, त्यामुळे थांबायचे अंतर वाढते. ते बंद करावे की नाही हे गटाचे नियम पाहून ठरवावे. इंजिनखाली जाड पत्रा, साफ एअर फिल्टर, घट्ट नट आणि रिकामी केबिन या गोष्टी गृहीतच धराव्यात.

एका वेळी एकच बदल करावा, ही शिस्त फार थोडे पाळतात. टायरची हवा, शॉकअब्सॉर्बर आणि वळणातून जाण्याची रेषा तिन्ही एकदम बदलली तर २ सेकंद कशाने आले ते कळणार नाही. त्यात कोर्सही स्थिर नसतो. सकाळच्या गाड्या सुटी माती झाडून टाकतात, दुपारपर्यंत खोल चाकोऱ्या पडतात. चाकोरीत चाक नीट बसले तर ती उताराच्या कठड्यासारखी गाडीला आधार देते. आडवी घसरत आलेली गाडी मात्र तिच्यात अडकून उलटू शकते. याच भीतीने उंच आणि अरुंद गाड्यांना बहुधा प्रवेश नसतो.

शिकण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे मैदानातले काम. अमेरिकी स्पर्धांत प्रत्येक स्पर्धकाला आपली पाळी नसताना पडलेले कोन उभे करायला जावे लागते. सकाळी आपण ज्या वळणावर तीन कोन पाडले, त्याच वळणावर दुपारी लाल झेंडा घेऊन उभे राहिले, की एकामागून एक गाड्या नेमक्या कुठे ब्रेक मारतात, कुठे इंजिनचा आवाज लवकर चढतो आणि कुठे फार उशिरा, हे पन्नास पावलांवरून ऐकू येते.