जुन्या मोटारीचे इंजिन : पुनर्बांधणी आणि अदलाबदल

जुन्या मोटारीची ताकद वाढवण्यासाठी तिचे इंजिन पूर्ण खोलून, झिजलेले भाग तासून किंवा बदलून ते नव्याने जुळवणे म्हणजे पुनर्बांधणी. मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचे अधिक ताकदीचे इंजिन बसवणे म्हणजे अदलाबदल. गॅरेजमध्ये यांना ‘ओव्हरहॉल’ आणि ‘स्वॅप’ म्हणतात. पुष्कळदा दोन्ही कामे एकत्रच होतात, कारण दुसऱ्या गाडीतून काढलेले, कुणी कसे वापरले हे ठाऊक नसलेले इंजिन न उघडता बसवणे हा जुगार असतो. अशी कामे वर्षानुवर्षे रेंगाळतात ती बहुधा निर्णयांचा क्रम चुकल्याने : पार्ट आधी येतात आणि मोजमाप नंतर होते. म्हणून या नोंदीचा भर नियोजनावर आहे.

पूर्वपीठिका : फोर्डने १९३२ साली सर्वसामान्यांच्या गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन दिले. सुमारे ३.६ लिटर आणि ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन अमेरिकेतील हौशी तरुणांनी हलक्या, जुन्या गाड्यांत घातले आणि त्याचे माथे (हेड), वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि कार्बुरेटर बदलून ते अधिक पळते केले. ‘हॉट रॉड’ हा प्रकार त्यातूनच फोफावला. १९५५ मध्ये शेव्हरोलेचे ४.३ लिटरचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ आले. आटोपशीर बांधा आणि सहज मिळणारे पार्ट यांमुळे अदलाबदलीत त्याचे राज्य अनेक दशके चालले. ब्युइकच्या १९६१ च्या ३.५ लिटर ॲल्युमिनियम व्ही-८ चे हक्क पुढे रोव्हरने घेतले. हे इंजिन इतके हलके होते की चार सिलिंडरांच्या लोखंडी इंजिनासाठी घडवलेल्या एमजीबी जीटी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये कारखान्यानेच ते १९७३ पासून बसवले, आणि गाडीचे नाक जड झाले नाही. जपानमधून १९९१ मध्ये टोयोटाचे ३ लिटरचे टर्बो इंजिन २जेझेड-जीटीई आले. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून ॲल्युमिनियम ब्लॉकचे ५.७ लिटर एलएस१ आले. आपापल्या काळात ही इंजिने इतकी पसरली, कारण ती भरपूर संख्येने बनली, त्यांचा खालचा भाग दणकट होता आणि त्यांच्यासाठी माउंटिंगपासून सम्पपर्यंत (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यापर्यंत) सगळे तयार मिळू लागले. इंजिन निवडताना आजही हेच निकष लावावेत. दुर्मीळ इंजिनाची हौस पहिल्या तुटलेल्या पार्टपाशी महाग पडते.

उद्दिष्ट : गाडी रोज चालवायची, लांबच्या प्रवासाला न्यायची की ट्रॅकवर पळवायची, हे ठरल्याखेरीज एकही पार्ट मागवू नये. अश्वशक्तीचा आकडा मनात धरून सुरुवात करणे सोपे वाटते. पण ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार. (न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात.) तोच आकडा मोठ्या इंजिनातून ४,५०० फेऱ्यांना निघतो किंवा लहान इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत पिळून काढता येतो, आणि या दोन गाड्या चालवण्याचा अनुभव अगदी वेगळा असतो. रहदारीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या गाडीला दुसरा मार्ग छळतो.

फेरे वाढवले की भार पडतो तो पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर. पिस्टनला टोकाशी थांबवून उलटे फिरवायला लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कमाल फेरे ६,००० वरून ७,२०० केले, तर फेरे २० टक्के वाढतात आणि हे बल ४४ टक्के. रॉडचे बोल्ट या भाराने ताणले जातात, आणि त्यांतला एक तुटला तर रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. पैसे मोजकेच असतील तर चकचकीत इनटेकऐवजी ते आधी या बोल्टांवर घालावेत.

उतरवण्यापूर्वी आणि खोलताना : चालते इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरात किती दाब तयार होतो याची मोजणी) आणि लीक-डाउन टेस्ट करून घ्यावी. लीक-डाउनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते हे कान देऊन ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह बसत नाही. कार्बुरेटरमधून आली तर इनटेक वॉल्व्ह. ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर दोष पिस्टनच्या रिंगांत किंवा बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा तडा आहे. पाचच मिनिटांच्या या तपासणीने पुढच्या खर्चाचा अंदाज पुष्कळ पक्का होतो.

खोलताना प्रत्येक भागावर त्याचा क्रमांक आणि दिशा लिहावी. क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप आणि रॉडच्या कॅप आपापल्या जोडीदारासह तासलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही. बेअरिंगच्या शेलही (अर्धगोल पातळ अस्तरे) ओळीने मांडून पाहाव्यात. सर्वत्र एकसारखी करडी झीज असेल तर इंजिन नीट सांभाळले गेले आहे. तांबूस धातू दिसू लागला असेल तर वरचा थर संपला. बारीक समांतर चरे घाणीमुळे पडतात, आणि एकाच कडेला घासलेली शेल वाकलेल्या रॉडकडे बोट दाखवते. कारण न शोधता नव्या शेल घातल्या तर त्याही त्याच वाटेने जातात.

मशीन शॉपमधील काम : ब्लॉक, हेड आणि क्रँक आधी स्वच्छ धुऊन तड्यांसाठी तपासतात. लोखंडी भाग चुंबकित करून त्यावर लोहचूर्ण टाकले की ते तड्याच्या रेषेवर गोळा होते. ॲल्युमिनियमसाठी रंगद्रव आत मुरवून पाहतात किंवा पाण्याच्या वाटा दाब देऊन तपासतात. त्यानंतर येते बोअरचे मोजमाप. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडव्या-उभ्या दोन दिशांनी मोजावा लागतो. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वाधिक असते. जुन्या इंजिनात त्या जागी नख फिरवले तर कडा अडकते. ती कडा नखाला लागली की बोअरिंग बहुधा टळत नाही.

बोअर मोठा केल्याने ताकद वाढते, हा समज पुरेसा तपासला जात नाही. ८६ मिमी. बोअर आणि ८६ मिमी. स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) सहा सिलिंडरांचे इंजिन २,९९७ घन सेंमी.चे असते. तेच अर्धा मिमी. मोठे केले की सुमारे ३,०३२ घन सेंमी. होते. वाढ जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास. झीज काढून सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करणे हा बोअरिंगचा खरा हेतू आहे, म्हणून झीज निघेल तेवढेच तासावे; उरलेली भिंत पुढच्या ओव्हरहॉलसाठी आणि उष्णता सोसण्यासाठी हवी असते.

नवे पिस्टन हातात आल्यावर, ते मोजूनच बोअर अंतिम मापाला न्यावा. येथे डेक प्लेटचा उल्लेख केला पाहिजे. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरची वरची भिंत किंचित ओढली जाते आणि गोल बोअर सूक्ष्म अंडाकृती होतो. म्हणून होनिंग करताना (बोअर घासून अंतिम मापाला आणताना) हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट ठरलेल्या टॉर्कने आवळतात. बोअर आवळलेल्या स्थितीत गोल केला जातो आणि खरे हेड बसल्यावर तसाच राहतो. ज्या मशीन शॉपमध्ये ही प्लेट आहे, तिथे थोडे थांबावे लागले तरी थांबावे.

रिंगेच्या टोकांमधली फटही मोजून ठेवावी लागते. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी बोअरच्या हजारास चार हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ८६ मिमी. बोअरला सुमारे ०.३४ मिमी.; टर्बो असेल तर उष्णता जास्त म्हणून फटही जास्त. फट कमी पडली तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. बेअरिंगच्या फटीसाठी मायक्रोमीटर आणि बोअर गेज हाच भरवशाचा मार्ग. ताळा पाहायला मेणासारखा प्लास्टिगेजचा धागा क्रँकवर ठेवून कॅप आवळतात आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर वाचतात.

जुन्या इंजिनांचे काही खास प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावे लागतात. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील पुष्कळ लोखंडी हेडांमध्ये वॉल्व्हच्या सीटा मऊ असतात. शिसे गेल्यावर भारी वापरात त्या खचतात, म्हणून हेडमध्ये कठीण सीटा बसवून घ्याव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम खराब करते, तेही बदलावेत.

जुळणी : कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण), हेड आणि एक्झॉस्ट एक संच म्हणून निवडायचे असतात. ५०० घन सेंमी.च्या सिलिंडरला दहास एक कॉम्प्रेशन असेल तर वरची जागा सुमारे ५५.५ घन सेंमी. असते, हेड तासून त्यातले तीन घन सेंमी. कमी झाले की प्रमाण साडेदहाच्या पुढे जाते. एवढ्याने पेट्रोलची प्रत बदलावी लागू शकते, नाहीतर इंजिन ठोके देऊ लागते. मोठा कॅम उंच फेऱ्यांना श्वास मोकळा करतो, पण कमी फेऱ्यांना तेवढाच घेतो.

मोठा कॅम आणि तासलेले हेड एकत्र आले की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागण्याचा धोका असतो. त्याची परीक्षा साधी आणि फार सुंदर आहे. पिस्टनच्या माथ्यावर खेळण्यातल्या मातीचा, म्हणजे प्लास्टिसिनचा, थर देतात. हेड जुन्या गॅस्केटवर बसवून, टायमिंग जुळवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात. हेड उचलले की वॉल्व्हचे ठसे मातीत उमटलेले असतात. ते ब्लेडने कापून सर्वांत पातळ जागी जाडी मोजायची. इनटेकला सुमारे दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिमी. जागा साधारणपणे पुरेशी मानतात. एक्झॉस्ट वॉल्व्ह अधिक तापून लांबतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो, म्हणून त्याला जास्त.

दुसरे इंजिन बसवताना : इंजिन बेमध्ये जागा मोजताना ब्लॉकची लांबी-रुंदी पुरत नाही. सम्प चासीच्या आडव्या तुळईच्या (क्रॉस मेंबरच्या) पुढे येतो की मागे, एक्झॉस्टचा पाइप स्टीअरिंगच्या दांड्याला कुठे आडवा येतो, बॉनेट मिटते का, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला हात पुरतो का, यांवर सगळे अडते. शक्य तर इंजिनासोबत त्याचा गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) आणि पेडलपर्यंतची सगळी जोडणी घ्यावी. अख्खी दाता-गाडी मिळाली तर उत्तमच. सुट्या मिळालेल्या इंजिनासाठी एकेक सेन्सर शोधत बसण्यात हंगाम निघून जातात.

गिअरबॉक्स दुसरा असेल तर बेल हाउसिंगची भोके, फ्लायव्हील, क्लच प्लेटचे दाते आणि स्टार्टर या चौघांचे जुळणे तपासावे. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान आणि लहान, साधारण तीन अंशांच्या आत, ठेवावेत. नाहीतर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि सगळे दोष इंजिनात शोधत बसतात.

इंधनाची व्यवस्थाही बदलते. कार्बुरेटरला अर्ध्या बारहून कमी दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण तीन ते चार बार लागतो. त्यासाठी पंप, नळ्या, परतीची वाट आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला पळू नये म्हणून टाकीत पडदे लागतात. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात जातो. ताकद दुप्पट झाली तर जुना रेडिएटर पुरणार नाही. ब्रेकचा हिशेबही असाच : वेग दुप्पट, तर जिरवायची ऊर्जा चौपट. ब्रेक, स्प्रिंगा आणि मागचा डिफरन्शियल यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. तो पुढे ढकलणे धोक्याचे आहे.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. नोंदणीवरचा इंजिन क्रमांक बदलून घेणे अनेक देशांत सक्तीचे आहे. कॅलिफोर्नियात धूर-नियम लागू असलेल्या गाडीत बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, आणि त्याची सर्व प्रदूषण-नियंत्रक साधने जागेवर असावी लागतात. ही चौकशी इंजिन विकत घेण्यापूर्वी करायची असते.

कामाचा क्रम : रंगकाम सर्वांत शेवटी. आधी रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स बेमध्ये टांगून माउंटिंग, एक्झॉस्ट, नळ्या यांची कच्ची जुळणी करावी, मग सगळे उतरवून रंगवावे. मोठ्या पार्टांच्या किमती आधीच कळतात. अंदाजपत्रक फुगते ते ब्रॅकेट, होज, अडॅप्टर, गॅस्केट आणि पुन्हा-पुन्हा आणाव्या लागणाऱ्या बोल्टांमुळे. गाडी रोजची एकमेव असेल तर दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत काम सुरू करू नये.

पहिली सुरुवात : चालू करण्यापूर्वी ऑइल पंप बाहेरून फिरवून किंवा प्लग काढून स्टार्टरने दाब येईपर्यंत बेअरिंगांत ऑइल पोचवावे. जुन्या सपाट टॅपेटच्या (कॅमवर घासत चालणाऱ्या) इंजिनात पहिली वीस-तीस मिनिटे फेरे २,००० ते २,५०० च्या दरम्यान ठेवतात, आयडलवर सोडत नाहीत. कॅमच्या उंचवट्यांना छिटकणारे ऑइल त्या फेऱ्यांनाच पुरेसे मिळते. या इंजिनांना जस्त आणि फॉस्फरसयुक्त ऑइल हवे. उत्प्रेरक परिवर्तक जपण्यासाठी आधुनिक ऑइलमध्ये हे प्रमाण उतरवले गेले आहे. रोलर कॅमच्या इंजिनात टॅपेट कॅमवर घासत नाही, लोळतो, म्हणून त्याला उंच फेऱ्यांवर ठेवण्याची आणि अशा ऑइलची गरज नसते. रिंगा बोअरवर बसाव्यात म्हणून पुढे मध्यम भार देत, वेग कमी-जास्त करत गाडी चालवतात. पहिले ऑइल लवकर बदलावे आणि काढलेला फिल्टर कापून त्यातला कागद उजेडात उलगडून पाहावा. बारीक राखाडी भुकटी नव्या भागांची असते. चमकणारे, बोटाला टोचणारे कण दिसले तर इंजिन तिथेच थांबवून सम्प उतरवावा.