नॉब पुढे फिरवला, आकडा मागे का गेला?

पॉवर सप्लायवर, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट देणाऱ्या उपकरणावर, ३.३ व्होल्ट लावायचे आहेत. आकडा ३.२ वर आहे. नॉब एक खटका पुढे घेतला, काहीच हललं नाही. आणखी एक घेतला, तर थेट ३.५. घाईने फिरवला तर आकडा चक्क उलटा पळतो. पुढे नाजूक चिप जोडलेली असेल तर हा नुसता वैताग राहत नाही, चिपही जळू शकते.

पूर्वी अशा नॉबमागे पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवू तसा विजेचा रोध बदलणारा भाग, असे. नॉब जिथे उभा, तोच आकडा. आता बहुतेक ठिकाणी एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजून कळवणारा भाग, असतो. तो कितीही फिरतो, पण आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. किती सरकलो, एवढंच तो सांगतो. आत ए आणि बी असे दोन संपर्क असतात. फिरवताना आधी ए जुळतो, मग बी, मग ए सुटतो, मग बी. उलट फिरवलं की क्रम उलटा. एका वेळी एकच संपर्क बदलतो. हाच ग्रे कोड; बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांना त्याचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं.

पण धातूचे संपर्क एका दमात जुळत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात, जुळतात, सुटतात. ‘ए जुळला की एक मोज’ एवढंच प्रोग्रामला शिकवलं असेल, तर प्रत्येक थरथर एक खटका म्हणून मोजली जाते. ए-बीच्या जुळण्या-सुटण्याच्या चारही अवस्था पाहणारा प्रोग्राम मात्र एक पाऊल पुढे, एक मागे असं मोजतो आणि थरथर आपोआप फिटते.

उलटं पळण्याचं गणित मला सगळ्यात रंजक वाटतं. समजा, फेरीला २४ खटके, प्रत्येक खटक्यात चार बदल. सेकंदाला तीन फेऱ्या मारल्या तर २८८ बदल, म्हणजे साधारण साडेतीन मिलिसेकंदांना एक. स्क्रीन रंगवण्यात गुंतलेला प्रोसेसर दहा मिलिसेकंदांनी नॉबकडे पाहू लागला, तर तोवर तीन बदल होऊन गेलेले असतात. चारांच्या चक्रात तीन पावलं पुढे आणि एक पाऊल मागे, दोन्ही अगदी सारखंच दिसतं! सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच प्रकार.

यावर उपाय महाग नाही. एसटीएम३२ सारख्या मायक्रोकंट्रोलरमधले, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या चिपमधले, अनेक टायमर (मोजणी करणारे भाग) ही मोजणी स्वतःच करतात, प्रोसेसर कितीही गुंतलेला असला तरी. तरीही हजारो रुपयांच्या उपकरणात हा दोष राहून जातो, हे मला अक्षम्य वाटतं.

जोरात फिरवल्यावर मोठी पावलं टाकण्याची सोय बऱ्याच उपकरणांत मुद्दाम दिलेली असते. तो दोष नव्हे. म्हणून उपकरण विकत घेण्याआधी आउटपुट बंद ठेवून नॉब सावकाश एक फेरी पुढे आणि तितकेच खटके मागे फिरवा. आकडा जिथून निघाला तिथेच यायला हवा. मग जोरात फिरवा. आकडा किती उडी घेतो ते सोडा, पण दिशा एकदाही चुकता कामा नये.