सलाईन म्हणजे रक्त नव्हे

"सलाईन लावलंय म्हणे, आता काळजी नाही." सोलापूरच्या सात रस्त्याच्या टपरीवर हायवेच्या अपघाताची बातमी वाचता वाचता शेजारच्यानं निकाल देऊन टाकला. मी इथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासतो, त्यामुळे गप्प बसणं जड गेलं.

रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे आम्ही निळ्या टोपीच्या नळीवर बघतो. त्या नळीत सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. ते रक्त यंत्रात गरगर फिरवून वर आलेला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, 37 अंशांवर ठेवायचा, कॅल्शियम असलेलं रसायन घालायचं आणि नळी तिरकी करत राहायचं. बारा-तेरा सेकंद काहीच होत नाही, मग प्लाझ्मा एकदम वाहायचाच थांबतो. थ्रॉम्बिन या एन्झाइमनं फायब्रिनोजेन हे प्लाझ्मात विरघळलेलं प्रथिन कापून त्याचे फायब्रिनचे धागे केलेले असतात. सोलापूरकराला इथं चादर आठवेल, पण या जाळीत ताणा-बाणा नसतो. पिंजलेल्या कापसासारखा गुंता असतो.

आता त्याच प्लाझ्मात सलाईन घाला. गोठायचा वेळ लांबतो, कारण घटकच विरळ झाले. जखमी माणसाचंही तेच होतं. बीपी चढतं, पण गुठळी धरत नाही. त्यात शरीर गार पडतं, कारण ऑक्सिजन न मिळालेले स्नायू उष्णता बनवत नाहीत. पारा 43 वर असला तरी अंगावर पांघरूण घालायचं ते यासाठी. ऑक्सिजनअभावी आम्लही साचतं. गारठा आणि आम्ल, दोन्हींनी गोठवणारी एन्झाइम्स मंदावतात, रक्त आणखी वाहतं, शरीर आणखी गार पडतं. बरं, नुसत्या लाल पेशींच्या पिशव्या लावाव्यात, तर त्यांत प्लाझ्मा जवळजवळ नसतोच. शिवाय रक्तपेढीच्या पिशवीतही सायट्रेट असतं. एरवी यकृत ते निस्तरतं, पण शॉकमध्ये, म्हणजे रक्त गेल्यानं अवयवांना पुरवठा तुटतो तेव्हा, यकृतालाच रक्त पोचत नाही आणि कॅल्शियम घसरतं.

जॉन होलकॉम्ब या अमेरिकी लष्करी सर्जननं हा तिढा 1993 मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशूतल्या लढाईत जवळून पाहिला. तिथं जखमींना सहकारी सैनिकांचं ताजं रक्त दिलं गेलं. 2007 मध्ये त्यांच्या गटानं बगदादच्या 246 जखमींचा हिशेब मांडला: लाल पेशींच्या मानानं प्लाझ्मा कमी मिळालेल्यांत 65 टक्के दगावले, भरपूर मिळालेल्यांत 19. पण थांबा! गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वेळ लागतो. तोवर जो जगला त्यालाच तो मिळाला. म्हणजे प्लाझ्मानं वाचले, की वाचले म्हणून प्लाझ्मा मिळाला? ही शंका फेडायला चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून चाचणी करावी लागली. 2015 मध्ये 680 रुग्णांचा निकाल आला. प्लाझ्मा, प्लेटलेट (गुठळी धरायला मदत करणारे रक्तातले कण) आणि लाल पेशी समप्रमाणात दिल्यावर पहिल्या 24 तासांत रक्तस्रावानं होणारे मृत्यू 14.6 वरून 9.2 टक्क्यांवर आले. 30 दिवसांच्या एकूण मृत्यूंत मात्र ठाम फरक दिसला नाही. "चमत्कारी फॉर्म्युला" म्हणून फॉरवर्ड करणारे हे वाक्य गाळतात.

समप्रमाण म्हणणं सोपं आहे. प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. अपघात काही त्या पाच दिवसांचा हिशेब बघून होत नाहीत. त्यामुळे काही ट्रॉमा केंद्रं, म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणारी रुग्णालयं, आता पुन्हा घटक वेगळे न केलेल्या रक्ताकडे, मोगादिशूतल्या त्या पिशवीकडे वळली आहेत.